चार बोटांवरची नजर

थाक मिरानचं नाक आणि तिचं काम यांच्यात चार बोटांपेक्षा जास्त जागा कधी कुणी पाहिली नाही. थोंगयंग बंदराच्या वरच्या अंगाला, डोंगर चढत जाणाऱ्या गल्लीत, बान गुरुजींच्या शिंपल्याच्या जडावकामाच्या खोलीत ती बावीस वर्षं बसत होती. आत शिरलं की आधी चष्मा काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. चष्मा कसला, सोजू दारूच्या बाटल्यांची दोन बुडंच ती. मग फळीवर अशी वाकायची की दारातून बघणाऱ्याला वाटावं, बाईला डुलकी लागली.

शेजारच्या ग्वाक मल्सुकचं खाली धक्क्यावर भाताच्या सुरळ्या आणि तिखट माकूळ विकायचं दुकान. ती येता-जाता खिडकीतून ओरडायचीच, "अगं दासोमची आई, चाटून संपव एकदाची ती फळी! नुसत्या वासावर किती दिवस काढशील?"

चाटण्याची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. शिंपल्याची केसासारखी तार काढायची, पेटीच्या फळीवर वाळलेला सरस जिभेच्या टोकाने ओला करायचा, तारेचं टोक टेकवायचं आणि सुरी दाबायची. टिक. तुकडा तुटून आपल्या जागी. पुन्हा टिक. असे सहा तुकडे जुळले की कासवाच्या पाठीसारख्या नक्षीतलं एक सहाकोनी घर तयार. अशी हजारो घरं जुळली की एक पेटी. खोलीतले बाकीचे कारागीर डोक्याला भिंगाची पट्टी बांधून बसत आणि तरी त्यांची तार मिरानच्या तारेपुढे दोरखंड वाटे. मिरानला भिंग लागतच नसे. तिच्या चष्म्याचा नंबर उणे चौदा. चष्मा काढला की नवऱ्याचं तोंड धुक्यातल्या भोपळ्यासारखं दिसायचं, पण चार बोटांवर आलेला शिंपला तिला असा दिसायचा की त्यातला हिरवा कुठे संपतो आणि जांभळा कुठे सुरू होतो, तेही ती सांगायची.

हे काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही. तिला वाटायचं, आपले डोळे वाईट आहेत. अख्ख्या गल्लीलाही तसंच वाटायचं. शाळेत तिला पोरं चिखलातला मासा म्हणत, आणि लग्नात सासूने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "हिला भात वाढलेला दिसतो ना?"

बान गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बोलणं मोजकं, कौतुक त्याहून मोजकं. त्यांच्या खोलीतून जे बाहेर जाई त्यावर त्यांचं नाव असे. रीतच ती. गुरूने आपणहून पुढे करेपर्यंत शिष्याने स्वतःला कारागीर म्हणायचं नाही, कुणी विचारलं तर हात पुसत हसायचं. बावीस वर्षं मिरान हात पुसत हसली. आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गुरुजी जेवता जेवता, वाटीतून मान वर न करता म्हणाले, "येत्या वसंतातली पेटी तू कर. तुझ्या नावाने. परीक्षकांना बोलावतो. त्यांना पटलं तर शिष्यपत्राचं बघू."

मिरानच्या हातातला मुळ्याचा तुकडा सूपमध्ये पडला. ती नुसती "हो गुरुजी" म्हणाली. पण घरी जाताना मल्सुकच्या दुकानापाशी थांबून तिने विनाकारण चार सुरळ्या जास्त घेतल्या, आणि मल्सुकला वास लागायला तेवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी कळली.

त्याच उन्हाळ्यात दासोमचं, म्हणजे तिच्या एकुलत्या लेकीचं, लग्न ठरलं. आता लग्न म्हटलं की दोन्ही आयांनी हातात हात घालून सगळ्यांसमोरून चालत जायचं, मंचावरच्या मेणबत्त्या पेटवायच्या, एकमेकींना आणि पाहुण्यांना वाकून नमस्कार करायचा. मुलाची आई निळ्या हानबोक पोशाखात, मुलीची गुलाबी. त्याचे फोटो आणि व्हिडिओ जन्मभर राहतात.

दासोम एका रविवारी पुसानहून आली ती ठरवूनच. "आई, त्या गुलाबी हानबोकवर तुझा हा चष्मा? फोटोत तुझे डोळे सोयाबीनचे दाणे दिसतील."

"मग चष्मा काढून जाईन."

"आणि मेणबत्तीऐवजी सासूबाईंच्या केसांना काडी लावशील!"

प्यो गिचुल, मिरानचा नवरा, समुद्रातल्या कालवांचे दोर दुरुस्त करत बसला होता. तो खोखो हसला. "लाव की. व्याही तरी कायमचे लक्षात ठेवतील."

वरून घालायच्या लेन्स मिरानला चालायच्या नाहीत. रोगणाची वाफ सतत डोळ्यात जायची, डोळे रताळ्यासारखे सुजायचे. लेसरला तिचा नंबर फार मोठा होता आणि बुबुळावरचा पडदा पातळ. पण दासोमने स्वतः बावीस वर्षांची असताना डोळ्याच्या आत लेन्स बसवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी उठली आणि भिंतीवरचं घड्याळ वाचून रडली होती. आजवर तिला कसलाच त्रास नाही. तिच्या कचेरीतल्या निम्म्या पोरींनी तेच करून घेतलेलं. लग्नाआधी आईला काहीतरी मोठं द्यायचं तिच्या मनात होतं. आईने आयुष्यभर जे ओझं नाकावर वागवलं तेच उतरवायचं, यापेक्षा मोठं काय द्यायचं?

पुसानच्या दवाखान्यात सबंध सकाळ एका यंत्रापुढून दुसऱ्या यंत्रापुढे हनुवटी टेकवण्यात गेली. मग एका गोड आवाजाच्या बाईने समोर कागद ठेवला आणि विचारत विचारत तो भरला. नाव. वय शेहेचाळीस. आजार नाही.

"काम काय करता?"

मिरानने मांडीवरचे हात एकमेकांवर पुसले आणि हसली. "काही नाही हो. घरीच असते."

दासोम तेव्हा बाहेर होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर बोलत होती.

डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्याने डोळ्याचं प्लास्टिकचं चित्र उघडून दाखवलं. ही पातळ लेन्स बुबुळाच्या मागे, तुमच्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसते. भिंग काढायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. लांबचं बहुतेक सगळ्यांना छान दिसतं. मग त्याने बोटं मोजत दुसरी बाजू सांगितली. दिव्यांभोवती कडी दिसतात, बऱ्याच जणांची सवयीने जातात. डोळ्यातला दाब वाढू शकतो. लेन्स मापाला लहान-मोठी झाली तर बदलावी लागते. पुढेमागे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. बुबुळावरच्या पडद्याच्या आतल्या पेशी दरवर्षी थोड्या थोड्या कमी होतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, म्हणून दरवर्षी मोजायला यायचं. जंतुसंसर्ग अगदी क्वचित, पण झाला तर वाईट.

"आणि तुमचं वय," तो म्हणाला, "या लेन्ससाठी जरा पुढचंच आहे. या वयात जवळचं दिसणं तसंही कमी होतं. आत्ता तुम्ही चष्मा काढून अगदी जवळचं बघता ना? ते जाईल. वाचायला चष्मा लागेल. जवळून बारीक काही करता का? शिवणकाम वगैरे?"

या प्रश्नाला तिने खरं उत्तर दिलं असतं तर ही हकीकत इथेच संपली असती. डॉक्टरने कागद मिटला असता, लेकीला आत बोलावलं असतं, आणि लग्नाच्या फोटोत सोयाबीनचे दोन दाणे कायमचे राहिले असते. पण गुरुजींनी तिला अजून पुढे केलेलं नव्हतं. परक्या माणसाला, तेही एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला, 'मी जडावकाम करते' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि वाचायचा चष्मा काय, मल्सुकसुद्धा लावते.

"नाही हो," मिरान म्हणाली. "बटण तेवढं लावते कधीतरी."

"बरं. पुढे नकोशी झाली तर लेन्स काढता येते," डॉक्टर म्हणाला. ते वाक्य मिरानने मनात नीट घडी घालून ठेवलं.

ऑगस्टमध्ये दोन्ही डोळे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात उभी राहिली आणि खाली बंदरातल्या बोटींचे नंबर मोठ्याने वाचायला लागली. एक, दोन, सगळे. गिचुल मीठ लावलेल्या मासळीची टोपली घेऊन येत होता, तो दारातच थबकला.

"काय बघतेस?"

"तुमच्या कानात केस आलेत," मिरान म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडली.

गल्लीने महिनाभर मजा घेतली. मल्सुक म्हणायची, "बायांनो, आता पदर सावरून. आपल्याकडे दुर्बीण बसवलीय." रोज दुपारी ती खालून हाक मारायची, "दासोमची आई, बघ गं, आमच्या ह्यांची बोट दिसते का? की बुडाले एकदाचे?" आणि मिरान खिडकीतून सांगायची, "आलेत हो ताई. आणि तोंड बघता मासळी काही मिळालेली नाही."

ऑक्टोबरात लग्न झालं. गुलाबी हानबोक घालून, विहिणीचा हात धरून ती चालत गेली, पहिल्याच काडीला मेणबत्ती पेटली. मंचावरून तिला पार मागे, दाराशी लेकीजवळ उभा असलेला गिचुल दिसला. तो टायने नाक पुसत होता. ते तिने पुढे किती जणांना सांगितलं! तेवढा एक दिवस त्या लेन्सनी आपलं मोल फेडलं, एवढं म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरने दोन महिने वाफेपासून, धुळीपासून दूर राहायला सांगितलं होतं, त्यात लग्नाची धांदल. नोव्हेंबरात ती खोलीत परतली. सवयीने हात चष्म्याकडे गेला. तिथे चष्मा नव्हता. ती स्वतःशीच हसली, फळीवर वाकली, नाक चार बोटांवर नेलं.

समोर काहीच नव्हतं.

म्हणजे फळी होती, शिंपला होता, सुरी होती, पण सगळं दुधात विरघळल्यासारखं. तिने मान मागे घेतली. अजून मागे. हात लांब केल्यावर कुठे तार दिसली, आणि ती इतकी लांब, इतकी बारीक की आहे की नाही हेच कळेना.

वाचायचा चष्मा आणला. मग त्याहून जाड. मग भिंगाची पट्टी बांधली, बाकीच्यांसारखी. पट्टीतून तार दिसायची खरी, पण मान किंचित हलली की फळी बोटीसारखी डोलायची. सुरी भिंगाला आपटायची. जीभ सरसापर्यंत पोचायची नाही. आणि दिव्याखाली शिंपल्याच्या प्रत्येक तुकड्याभोवती एक बारीक कडं उमटायचं, हजार तुकड्यांची हजार कडी. बावीस वर्षांत तिचा हात जे शिकला होता ते सगळं चार बोटांवर शिकला होता. एक हात अंतरावर तो हात अडाणी होता.

बाकीचे कारागीर म्हणाले, "अगं, आम्हीही असंच करतो. होईल सवय." खरंच होतं ते. सवय झाली असती तर ती त्यांच्यासारखी कारागीर झाली असती. पेटी मात्र तिच्या नावाची होती, आणि परीक्षक तिची तार बघायला येणार होते.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दासोमला तर नाहीच. लेकीचा फोन आला की, "काय दिसतंय गं आई! तू मला काय दिलंस!" असं स्वतःच आधी म्हणून मोकळी व्हायची. गिचुलला एकदा म्हणाली, "डोळे जरा थकतात." तो म्हणाला, "एवढं लांबचं बघत बसतेस, थकतीलच." तो चिडवतच होता. ती आत गेली.

मग तिने एक युक्ती केली. डोळे मिटले. तार बोटाने चाचपायची, आणि आवाजावर तोडायची. तुकडा नीट बसला की टिक वेगळा येतो, तिरका बसला की वेगळा, हे तिला माहीत होतं. हिवाळाभर ती अशी बसली. मल्सुक खिडकीतून ओरडली, "आता तर सरळ झोपतेसच की गं!" तर मिरानने नेहमीसारखं काही फेकून मारलं नाही. मल्सुकच्या जिभेवर पुढचा टोमणा तयार होता. तो तिने तसाच गिळला आणि पायऱ्या उतरून गेली, ही त्या गल्लीत नोंद करण्यासारखी गोष्ट.

गुरुजींनी फळीवर एकदा हात फिरवला. मग दुसऱ्यांदा. फळी परत तिच्यापुढे सरकवली. त्यांची नजरही आता पूर्वीची राहिली नव्हती.

मग रोगण चढलं. एकावर एक थर, सगळी नक्षी काळ्याखाली गडप. दोन महिने पेटी नुसती काळी होती, आणि ते दोन महिने मिरानला नीट जेवण गेलं. जे दिसत नाही ते कदाचित चांगलं असेल, असं तिला वाटायचं.

एप्रिलमध्ये कोळशाने घासणं सुरू झालं. घासत गेलं की काळं झिजतं आणि खालून शिंपला वर येतो. ते काम बाकीच्यांचं. मिरान दुपारी पाणी घेऊन दारात आली तेव्हा पेटीचं झाकण खिडकीकडे तोंड करून उभं केलेलं होतं, आणि त्यावर ऊन पडलं होतं.

दारापासून झाकण पाच-सहा पावलांवर. त्या अंतरावर मिरानला आता खोलीतल्या कुणाहीपेक्षा स्वच्छ दिसत होतं.

तिने पाहिलं. डाव्या बाजूची घरं, जी तिने नुसत्या आवाजाच्या भरवशावर जुळवली होती, ती उताराला लागल्यासारखी घसरत गेली होती. तुकड्यांच्या मधे काळ्या फटी. एका ठिकाणी कासवाच्या घराला पाचच भिंती. उजव्या कोपऱ्यात रेघ अशी वाकली होती की जणू पाण्यात काठी धरावी. कुणी काही दाखवायची गरज नव्हती. पाच पावलांवरून तिने आपलं काम वाचलं, बोटींच्या नंबरांसारखं, एकही न चुकता.

गुरुजी झाकणासमोर भिंग धरून बसले होते. मग म्हणाले, "परीक्षकांना कळवतो, यंदा नको."

"पुढच्या वर्षी, गुरुजी?" मिरानने विचारलं.

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, मिरान." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "डोळे कधी केलेस?"

"लग्नाआधी."

"मला विचारायचंस."

"तुम्हाला काय विचारायचं? डोळ्यांचं तर होतं."

म्हाताऱ्याने झाकणाचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुझ्या डोळ्यांमुळेच तुला ठेवून घेतलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. हाताला काय, हात कुणालाही शिकवता येतो."

हे बावीस वर्षांत त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. शिष्याला सांगायचं नसतं.

घडी घालून ठेवलेलं वाक्य घेऊन मिरान मे महिन्यात एकटीच पुसानला गेली. बसमध्ये ती ते वाक्य मनात घोळवत होती. काढता येते. काढता येते.

डॉक्टरने तपासलं, पुन्हा तपासलं, पेशी मोजल्या आणि खुर्ची जवळ ओढली. "काढता येईल," तो म्हणाला. "पण ऐका. पेशी मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगाने कमी झाल्यात. पुन्हा डोळा उघडला की आणखी जातील. आणि दोन्ही डोळ्यांच्या नैसर्गिक भिंगावर मोतीबिंदूची सुरुवात दिसतेय. लांबचं बघताना अजून तुम्हाला जाणवत नाही, पण अगदी जवळून, अगदी बारीक बघायला जाल तर धूसर दिसेल. लेन्स काढली की जुना नंबर परत येईल. जुना डोळा येईलच असं मी सांगू शकत नाही. मला नाही वाटत येईल."

"चार बोटांवर..." मिरान म्हणाली आणि तिने बोटं नाकापुढे धरून दाखवली.

"एवढ्या जवळून तुम्हाला बघायचं काय असतं?" त्याने खरोखरच न कळून विचारलं.

मग तिने सांगितलं. शिंपला, तार, सरस, कासवाची पाठ. परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा. ऐकता ऐकता डॉक्टरचा चेहरा उतरत गेला. त्याने तिची फाइल उघडली, जुना कागद काढून तिच्यापुढे सरकवला. मिरानने तो उचलला, हात लांब केला, आणखी लांब केला, तेव्हा कुठे अक्षरं जागेवर आली. काम: घरीच असते.

"मी विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर हलकेच म्हणाला. तक्रार करत नव्हता. स्वतःलाच पुन्हा एकदा विचारत असावा.

"विचारलं होतंत."

त्याने पेन काढलं. "हे दुरुस्त करून घेऊ? पुढच्या तपासण्यांसाठी. काय लिहू, जडावकाम?"

मिरानने मांडीवरचे हात पाहिले. एवढ्या अंतरावरून बोटांवरच्या बारीक रेघा तिला दिसत नव्हत्या, नुसती बोटं दिसत होती. तिने ती एकमेकांवर पुसली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता तेच बरोबर आहे."

झाकणावरची डावी बाजू गुरुजींनी तापल्या लोखंडाने उकलून काढली आणि दुसऱ्या कारागिराकडे दिली. पेटी त्यांच्याच नावाने गेली. मिरानची सुरी कट्ट्यावर, जिथे चष्मा ठेवायची तिथे, बरेच दिवस पडून होती, कुणी हलवली नाही. ती मात्र त्या खोलीत पुन्हा गेली नाही. कालवं फोडायला दोन दिवस नवऱ्याबरोबर जाऊन बघितलं, तिथे हात कापून घेतला. मग तेही सोडलं.

दासोमला तिने अजून सांगितलेलं नाही. कुणी सांगूही नये, असं मल्सुकला तिने बजावलंय, आणि मल्सुकच्या तोंडात हे एवढं एकच गुपित टिकलंय.

दुपारी खालून अजून हाक येते. पूर्वीसारखी खणखणीत नाही. "दासोमची आई, दिसते का गं बोट?"

मिरान खिडकीशी येते. बेटांच्या पलीकडे, जिथे बाकी कुणाला नुसतं पाणी दिसतं, तिथे बघते.

"येतेय ताई," ती सांगते. "अजून लांब आहे."